एरंडेल

"पुढच्या महिन्यापासून पगार कमी मिळेल," नवा सुपरवायझर पटांगणात सगळ्यांना उभं करून म्हणाला. "ज्याला पटत नसेल त्याला फाटक मोकळं आहे. एवढी कुलुपं बनवता, एक फाटक उघडायला जड जाऊ नये."

कुणी हसलं नाही. मंदी होती. बांधकामं थांबली होती. नवी दारंच बसत नव्हती, तर कुलुपं कोण घेणार? आता कारखान्यालाच कुलूप लागेल, असं जो तो दबक्या आवाजात म्हणत होता.

मॅनेजरनी सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावलं.

"अहो, सगळ्यांसमोर कशाला? आपली रीत ठरलेली आहे. आधी ओतकामवाल्यांना गोड बोलून राजी करायचं. मग जोडणीवाल्यांना सांगायचं, ते तयार झाले, तुम्हीच का अडता? दोन संघटना आहेत, विळ्याभोपळ्याचं सख्य. दरवेळी जमतं."

"माझा हात जरा जड आहे, साहेब. पण काम होईल."

त्याची शिफारस चांगली होती, म्हणून मॅनेजरनी फार ताणलं नाही.

त्या दोन संघटनांचे पुढारी सख्खे दीर-भावजय होते. ओतकामात दीर, जोडणीत भावजय. कुठल्याशा जुन्या निवडणुकीवरून बिनसलं ते बिनसलंच. एकाच घरात वर-खाली राहायची, पण निरोप मुलांकरवी जायचे.

सुपरवायझरनं पहिल्या आठवड्यातच जेवणाची एक खोली बंद केली. दोन ठिकाणी दिवे-पंखे परवडत नाहीत म्हणाला. ओतकामवाले आणि जोडणीवाले एका शेडखाली पाठीला पाठ लावून डबे खाऊ लागले. मग त्यानं चहाची सुट्टी कापली, दोघांचीही. बोलणं तिरकस, तोंड कायम कडू औषध घेतल्यासारखं. त्याला 'एरंडेल' हे नाव कुणी ठेवलं यावर मात्र दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला. त्यावरून पहिल्यांदाच शेडखाली हशा पिकला.

एक दिवस तो भावजयीच्या टेबलापाशी थांबला.

"बाई, हात चालतात की नुसती जीभच?"

पलीकडे दीर साचे उचलत होता. त्यानं साचा खाली ठेवला आणि सावकाश चालत आला.

"वहिनींशी नीट बोला," तो म्हणाला.

सगळ्यांचे हात थांबले. 'वहिनी' हा शब्द त्याच्या तोंडून कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता. भावजयीनं मान खाली घातली आणि स्क्रू शोधल्यासारखं केलं.

"बघून घेईन दोघांना," सुपरवायझर म्हणाला आणि निघून गेला.

घरी तो पोटभर जेवला.

"दिवसभर लोकांच्या शिव्या खाता," बायको म्हणाली, "आणि वर दोन घास जास्तच जातात तुम्हाला."

"आजच्या चांगल्या खणखणीत होत्या," तो म्हणाला आणि ताट पुढे केलं.

सोमवारी सकाळी भट्टी पेटली नाही आणि जोडणीचा पट्टाही हलला नाही. दीर-भावजय एकत्रच केबिनमध्ये शिरली. एक बोलायला लागला की दुसरी पुरं करत होती. मॅनेजरनी आधी एकाला, मग दुसरीला बाजूला घेऊन पाहिलं. दोघंही जागची हलली नाहीत. शेवटी मालकांना यावं लागलं. कामगारांच्या पगाराला हात लागणार नाही, कात्री लागलीच तर वरच्या साहेबांपासून लागेल, असं ठरलं.

"आणि तो एरंडेल उद्यापासून इथे दिसता कामा नये," भावजय म्हणाली.

मालकांनी ते सगळ्यात आधी मान्य केलं.

सुपरवायझर डबा घेऊन फाटकाबाहेर पडला तेव्हा मागे टाळ्या वाजत होत्या. मॅनेजर खिडकीतून त्याच्याकडे खाऊ की गिळू असे पाहत होते. त्यानं वळून पाहिलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून तो एका जुन्या इमारतीचा जिना चढला आणि वरच्या खोलीचं दार लोटलं.

कामगार महासंघाचे अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली.

"दमला असाल, बसा. पुढच्या कारखान्यात तर तीन संघटना आहेत. जमेल ना?"