कराराबाहेरच्या खुर्च्या

“जे कागदावर नाही, ते घडलेलंच नाही.” डॉक्टरांच्या वकीलसाहेबांच्या आवाजाने कोर्टातला पंखासुद्धा क्षणभर थबकल्यासारखा वाटला. न्यायाधीशबाईंनी करारनाम्याचं पान उलटलं आणि शांतपणे विचारलं, कलम नऊप्रमाणे सुताराला गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई का आहे?

दातांच्या डॉक्टरांनी मान खाली घातली. दवाखान्याच्या भाडेकराराची नक्कल त्यांनीच केली होती. ‘भाडेकरू’ खोडून ‘सुतार’ लिहिलं की भागतं, अशी त्यांची समजूत.

बाकी दावा मात्र खणखणीत होता. दवाखान्यातली बाकं द्यायला सुताराने एकवीस दिवस उशीर केला. तारीख कागदावर, सही कागदावर. तेवढे दिवस दवाखाना बंद पडला, सबब नुकसानभरपाई. ती द्यायची तर सुताराला रंध्या-करवतीसकट दुकान विकावं लागलं असतं.

सुताराचं म्हणणं एवढंच, की उशीर होणार म्हटल्यावर त्याने घरच्या चार खुर्च्या दवाखान्यात नेऊन ठेवल्या. वकीलसाहेब ताडकन उठले. खुर्च्या करारात नाहीत, तेव्हा त्यांचं नावही इथे काढता येणार नाही.

“करार मोडला की नाही ते कागद सांगेल. तो मोडलाय,” बाई म्हणाल्या. “पण नुकसान किती झालं ते कागदाला कसं कळणार? तो तर कपाटात होता. डॉक्टर, त्या दिवसांत पेशंट कशावर बसत होते?”

वकीलसाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं. डॉक्टरांनी तोंड उघडलं. जगाला ‘आ करा’ म्हणून सांगणारा माणूस, पण स्वतःचा आ मिटेना. त्यांना दवाखान्यातली ती चौथी खुर्ची डोळ्यांपुढे दिसत होती. फरशी पुसताना कुणीतरी ती टेबलावर उलटी ठेवली होती. वस्तू ज्याच्यासाठी करायची, त्याच्याबद्दल तिच्या खालच्या अंगाला पेन्सिलीने लिहून ठेवायची या सुताराची खोड. तिथे लिहिलं होतं : ‘आई. गुडघे वाकत नाहीत. उंची चार बोटं जास्त.’ डॉक्टरांनी ते वाचलं होतं. वाचून खुर्ची सरळ केली होती, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

“खुर्च्यांवर,” ते म्हणाले. “दवाखाना एक दिवसही बंद नव्हता.”

वकीलसाहेबांनी फाइल मिटली.

बाहेर व्हरांड्यात सुतार समोर येऊन उभा राहिला. आता हा चार लोकांत आपली लक्तरं काढणार, असं डॉक्टरांना वाटलं. काढली असती तर बरंही वाटलं असतं.

“डॉक्टर, खटला चालू असताना मागणं बरं दिसेना,” सुतार म्हणाला. “तीन राहू द्या हवी तर. चौथी तेवढी आज मिळेल का? आई उभ्यानं जेवते.”