मोठ्यानं वाचा

परदेशातल्या शाळेत चार वर्षं शिकवून ती घरी परतली आणि पहिल्याच सकाळी बाबांच्या आवाजानं जागी झाली. बाबा मोठ्यानं पेपर वाचत मंत्र्यांची बिनपाण्यानं करत होते. लहानपणी तिला याची लाज वाटायची. मैत्रिणी आल्या की ती दार लोटून घ्यायची. तिकडे परदेशात मात्र पेपरातल्या कितीतरी बातम्यांवर काळी शाई फासलेली असायची. स्टाफरूममध्ये एका बाईंनी राज्यकर्त्यांवर साधा विनोद केला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची खुर्ची रिकामी राहिली. कुणी चकार शब्द काढला नाही. "अहो, हळू! शेजारी ऐकतील," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. बाबांचा आवाज उतरला. तिनं खिडकी सताड उघडली. "बाबा, वाचा की मोठ्यानं." त्यांनी अग्रलेख सुरू केला. समोरच्या गॅलरीतून शेजारचे काका गरजले, "तुमचा पेपर काहीही छापतो!" बाबांनी बाह्या सरसावल्या. ती डोळे पुसत हसत सुटली.