एका मशीनपुरतं डिझेल

हंबीररावांनी जनरेटरच्या टाकीत झाडूची काडी घालून बघितली. दोन पेरं ओली झाली. म्हणजे फार तर दीड तास.

त्यांचा मुलगा विजयसिंह सकाळी सहालाच दोन कॅन घेऊन डिझेलला गेला होता. कॉलनीच्या दोन्ही अंगांना पुराचं पाणी, जवळचे पंप बंद, मोबाईलला रेंज नाही. आता अकरा वाजले होते. तो कागलपर्यंत पोचला की वाटेतच अडकला, हे कळायला मार्ग नव्हता.

आत हंबीररावांच्या पत्नी झुंबरबाई नाकाला नळी लावून पलंगावर टेकून बसल्या होत्या. त्यांची फुफ्फुसं दोन वर्षांपूर्वीच थकली होती. उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. ते बंद पडलं तर तासभरसुद्धा धीर धरता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घरात एक छोटा सिलिंडर होता, तो काल जनरेटर थांबवून ऑइल बदलताना संपला.

जनरेटर घेताना बाळासो मिस्त्री म्हणाला होता, एवढ्या मशीनला दोन केव्हीएचा पुष्कळ झाला. हंबीररावांना ते कमीपणाचं वाटलं. घेतलाच आहे तर फ्रीज, मोटर, सगळं घर चाललं पाहिजे, गल्लीला आवाज गेला पाहिजे, म्हणून साडेसातचा आणला. गल्लीला आवाज गेला हे खरं. परवा लाईट गेल्यापासून कुणाची हाकसुद्धा घरात ऐकू येत नव्हती. आणि बाकी सगळं बंद करून एकटं मशीन चालवलं, तरी ते धूड तासाला लिटरभर डिझेल पीतच होतं.

बाळासोने तीन गोष्टी बजावल्या होत्या. धूर आत येतो, बाईंच्या छातीला सोसायचा नाही, खिडक्या लावून घ्यायच्या. टाकी कधी कोरडी पडू द्यायची नाही. आणि भिंतीवरचा खटका जनरेटरकडे पाडून घर बाहेरच्या तारेपासून तोडल्याशिवाय तो सुरू करायचा नाही, नाहीतर वीज उलटी तारेत जाऊन खांबावरचा वायरमन मरेल. हंबीररावांनी तिन्ही गोष्टी काटेकोर पाळल्या होत्या.

काल शेजारची श्यामला चार मोबाईल घेऊन चार्जिंगला आली होती. चार मोबाईलनी काही डिझेल संपलं नसतं. पण हंबीरराव मुळात फटकळ, त्यात दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

"माझ्या दारात पुन्हा पाय ठेवायचा न्हाय," ते म्हणाले. ती बिचारी मोबाईल घेऊन परत गेली.

साडेबाराला जनरेटरचा आवाज फाटला. दोन आचके देऊन तो थांबला. मशीन बारीक आवाजात केकाटायला लागलं.

हंबीररावांनी रिकाम्या कॅनांचे तळ टाकीत निपटले. अर्धा लिटर निघालं असेल. पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. जनरेटर नुसताच घुमायचा, पेट घ्यायचा नाही. टाकी कोरडी पडल्यानं डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. ती काढायला कुठला तरी नट सैल करतात एवढंच त्यांना माहीत होतं. कुठला, ते बाळासोला माहीत, आणि बाळासो पाण्याच्या पलीकडं. पाना हातात धरून ते नुसते बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांवर डाफरून कामं करून घेतली होती. आता डाफरायलाही कुणी नव्हतं.

ते आत आले आणि वर्तमानपत्राची घडी करून वारा घालू लागले. झुंबरबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"विजू आला?"

"आलाय. कोपऱ्यावर हाय," ते म्हणाले. त्यांना स्वतःची लाज वाटली.

बोटाला लावलेल्या चिमट्यावर आकडा उतरत होता. ब्याऐंशी. चौऱ्याहत्तर. त्यानंतर त्यांनी तिकडं बघणंच सोडलं. मनगट सोडवून मदतीला धावावं, तर तेवढ्यात काही झालं म्हणजे? ते बसूनच राहिले. दीडच्या सुमाराला मनगटावरची पकड आपोआप सुटली.

हंबीररावांनी फोडलेला हंबरडा पहिल्यांदा श्यामलाला ऐकू गेला. कालचं सगळं विसरून ती धावत आली. तिने झुंबरबाईंचे डोळे मिटले, नाकाची नळी काढली आणि त्यांच्या पायाशी बसून रडली.

"म्या काय करू गं पोरी," हंबीरराव म्हणाले. "डिझेलच संपलं. तासभर जरी लाईट आली असती, तरी वाचली असती."

श्यामलाचं रडणं थांबलं. सांगावं की नाही हे तिला कळेना.

"मामा," ती शेवटी म्हणाली, "लाईट सकाळी नऊलाच आलीया की."

हंबीररावांनी भिंतीकडं बघितलं, खटका अजून जनरेटरकडंच पडलेला होता.