बाळाजीबुवांचं ध्यान

ठकुबाईनं तिसरी हाक मारली, तसे बाळाजीनं डोळे आणखी घट्ट मिटले.

"अवं, ऐकलं का? भांड्यांचा ढीग पडलाय. माझी कंबर धरलीय. निदान घागरभर पाणी तरी ओतून द्या!"

बाळाजीनं डोळे न उघडता एक बोट वर केलं. म्हणजे ध्यान चाललंय, मधे बोलायचं नाही. ठकुबाईनं पदर खोचला आणि कण्हत कण्हत मोरीकडे गेली.

हे ध्यान महिन्याभरापूर्वी लागलं होतं. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा नवा उभा राहिला होता आणि आकुर्डीचा बाळाजी तिथं कोठारावर लागला होता. काम दुपारचं, त्यामुळे सकाळ मोकळी. मोकळ्या माणसाला बायको काम सांगते, ध्यानस्थ माणसाला सांगत नाही, हा शोध त्याला एका सकाळी आपसूक लागला. वर मानही वाढला. काल-परवापर्यंत त्याला बाळ्या म्हणणारा शेजारचा तात्याबा आता दारावरून जाताना 'बाळाजीबुवा' म्हणून हात जोडायचा. अडचण एकच होती. बसल्या बसल्या डुलकी लागायची, आणि बुवांचं घोरणं तात्याबाच्या ओट्यापर्यंत ऐकू जायचं.

तोड ठकुबाईनंच सुचवली. "तुमच्या कारखान्यातल्या त्या सरदारजीला इचारा की. लई मोठा ध्यानी हाय म्हणत्यात. मशिनीच्या खडखडाटातबी त्याचं ध्यान मोडत न्हाई."

खडखडाटात मोडत नाही, मग बायकोच्या हाकेनं काय मोडणार! बाळाजीनं दुसऱ्याच दिवशी निहालसिंगाला गाठलं. निहालसिंग फिटर होता. फाळणीत रावळपिंडीहून नेसत्या कपड्यांनिशी निघाला, तो पिंपरीच्या निर्वासित छावणीत येऊन टेकला.

"आम्ही त्याला सिमरन म्हणतो, बाळाजीभाऊ," तो दाढीतल्या दाढीत हसला. "सिमरन म्हणजे आठवण. देवाची आठवण सुटू द्यायची नाही, बस्स. रविवारी गुरुद्वाऱ्यात या. दाखवतो."

गुरुद्वारा म्हणजे छावणीच्या कडेची पत्र्याची शेड. बाळाजी पुढेच मांडी ठोकून बसला. कीर्तन झालं, लंगर झाला. जात न विचारता सगळ्यांना एका पंगतीत जेवण. पोटभर जेवून त्यानं डोळे मिटायची तयारी केली, तोच निहालसिंगानं त्याला हाताला धरून शेडच्या मागं नेलं. तिथं खरकट्या भांड्यांचा डोंगर होता. निहालसिंगानं त्याच्या हातात काथ्या दिला, पुढ्यात राखेचं घमेलं सरकवलं.

"सिमरन… हितं?"

"इथंच. तोंडात नाव, हातात सेवा. आमचं वाहेगुरू, तुमचं विठ्ठल. नावं एकमेकांशी भांडत नाहीत. फक्त हात थांबू द्यायचा नाही. हात थांबला की मन पळतं."

पळावंसं तर बाळाजीलाही वाटलं. पण तेवढ्यात शेजारी घासायला बसलेला म्हातारा "वा, बाळाजीभाऊ!" म्हणाला, आणि पळता येईना. त्यानं घासायला घेतलं. खरं सांगायचं तर पाचव्या पातेल्याला त्याला बरं वाटू लागलं. डुलकी आली नाही. ओठांवर विठ्ठल होता, हाताखाली पितळ उजळत होतं, आणि मन खरोखर ठिकाणावर होतं. महिनाभर डोळे मिटून जे साधलं नव्हतं, ते तिथं राखेत बसून साधलं. निघताना चार माणसांनी पाठ थोपटली, त्यानं तर तो पार विरघळला.

मग तो दर रविवारी जाऊ लागला. मोठमोठे हंडे एकट्यानं लख्ख करू लागला. निम्म्या छावणीत त्याचं नाव झालं. घरी आला की मात्र पाय पसरून बसायचा आणि जेवलेलं ताट जागच्या जागी सोडून उठायचा.

एकदा ठकुबाईनं विचारलंच. "तितं दोनशे माणसांची घासता. मग घरच्या दोन ताटांनी काय पाप केलं?"

"अगं, घरची भांडी म्हंजे काम," बाळाजी समजुतीच्या सुरात म्हणाला. "तितली, ती सेवा. तुला न्हाई कळायचं."

ठकुबाई गप्प बसली. एरवी एका शब्दाला दहा ऐकवणारी बायको गप्प बसली, तेव्हाच खरं तर बाळाजीनं सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या रविवारी तीही गुरुद्वाऱ्यात यायला निघाली. डोक्यावर मोठी पाटी, पाटीवर फडकं बांधलेलं. लंगरासाठी भाजीबिजी घेतली असेल, असं म्हणून बाळाजीनं विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवशीची भांडी जरा जास्तच करपलेली होती. बाळाजीला उलट चेव चढला. विठ्ठल, वाहेगुरू, विठ्ठल करत तो एका काळ्याठिक्कर पातेल्यावर तुटून पडला. राख झाली, चिंच झाली. काठावरची काजळी सुटली आणि खालून कोरलेली अक्षरं वर आली. 'चि. बाळाजी यास लग्नात मामाकडून सप्रेम भेट.'

त्यानं शेजारी पाहिलं. एक कान तुटलेली कढई. दूध उतू गेलेलं मंगळवारचं भांडं. गुरुवारच्या पिठल्याची खरवड. त्याच्या स्वतःच्या घरातला अख्खा आठवडा त्याच्यापुढं रांगेनं मांडलेला होता.

"अगं ए, ही तर आपली भांडी!" तो ओरडला.

"बाळाजीभाऊ," निहालसिंग मागून हळूच म्हणाला, "हात थांबला."

सगळे बघत होते. बाळाजीनं मुकाट्यानं काथ्या उचलला आणि मान वळवून बायकोला शोधलं. शेडच्या सावलीत, दुखरी कंबर भिंतीला टेकवून, ठकुबाई छान मांडी घालून बसली होती. तिनं डोळे न उघडता एक बोट वर केलं.