वळणावरचा हॉर्न

नवऱ्याच्या तेरवीच्या पंगतीतच धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, ही जुनी फियाट आता कोण चालवते? किल्ली द्या मले, गिऱ्हाईक पाहतो.”

मी किल्ली दिली नाही. साठीत गाडी चालवायला शिकले.

गाडीत खोट एकच होती. स्टेअरिंग डावीकडे वळवलं की हॉर्न आपोआप वाजायचा. आणि बाजारातून घरी येताना डावं वळण नेमकं दिरांच्या खिडकीखाली, त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी.

शेवटी वैतागून त्यांनीच वाडीहून जितेंद्र वायरिंगवाल्याला बोलावलं. त्यानं स्टेअरिंग खोललं, आतली घासून उघडी पडलेली वायर बदलली आणि मला म्हणाला, “काकू, आता तुम्ही दाबला तरच वाजते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी दारात लावते न लावते, तोच दीर बनियनवरच धावत आले.

“वहिनी, थो हॉर्न अजून वाजूनच राहिला ना. जितेंद्रले परत बोलावू का?”

 

“कशाले भाऊजी? आता त्यात काहीच बिघाड नाही.”