डागाची केळी

महेबूब पुन्हा कुंथला. तोंड लालबुंद झालं, मुठी आवळल्या, पाय पोटाशी गेले आणि झालं काय? काहीच नाही. मग त्याने असा टाहो फोडला, की भद्रकालीच्या बाजारातले टांग्याचे घोडेसुद्धा कान टवकारून बघायला लागले.

"नजीर, पोर आहे की भोंगा?" शेजारचा पेरूवाला निसार ओरडला.

"बुधवारपासून शी नाही रे त्याला," नजीर बागवान म्हणाला. त्याचा जीव अर्धा झाला होता. पहिलंवहिलं पोर, वरचं खायला लागून जेमतेम महिना झालेला. रोज पहाटे तो अख्ख्या घडातून त्याच्यासाठी केळं निवडायचा. टणक, बिनडागी, एखाद्या नवाबालाही मिळणार नाही असं! बागवानाचा पोरगा आहे, चेष्टा आहे का?

बायको जहिदा पोराचे पाय हलकेच पोटाकडे दुमडत होती, सोडत होती, मधूनच कोमट पाण्याचा चमचा त्याच्या ओठांना लावत होती.

"त्या टणक केळ्यांनी पोट बांधलंय त्याचं," ती पुटपुटली.

"झालं तुझं सुरू! काळी पडलेली केळी आपण गाईपुढे टाकतो. ती माझ्या लेकाला चारू? कालच सांगितलं ना, नाही म्हणजे नाही!"

नजीरने पोराला उचलून मांडीवर घेतलं आणि त्याची पाठ चोळू लागला. महेबूब कुंथला, थरथरला, आणि एकदम शांत झाला. नजीरच्या धुवट सदऱ्यावर काहीतरी ऊन ऊन पसरलं.

"आली! अगं, आली!" त्याने पोराला दोन्ही हातांनी उंच धरलं. "या अल्लाह, केवढी ही!"

"अरे, सदरा बघ तुझा!" निसारने नाक दाबलं.

"सदरा गेला खड्ड्यात! बघितलंस का, निसार? बागवानाच्या हातचं केळं आहे. उशिरा का होईना, गुण आलाच."

जहिदा ओल्या फडक्याने पोराला पुसत होती. ती मान वर न करताच म्हणाली, "तुमच्या हातचं नाही. गोणपाटाखालची चारतेय मी कालपासून. चांगली काळी पडलेली."

निसार पोट धरून हसला. नजीरचे कान तापले. जहिदाला फाडकन काही बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण मांडीवर महेबूब पाय झाडत खिदळत होता, आणि इतक्या दिवसांनी त्याचं पोट कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागत होतं. नजीरने पोराला अलगद जहिदाच्या मांडीवर दिलं.

मग तो उठला. गोणपाट दूर करून त्याने ती डागाळलेली फणी काढली, फुंकर मारून पुसली आणि पाटीत सगळ्यांच्या वर, ऐन दर्शनी, ऐटीत मांडली.

रोजच्या गिऱ्हाईक कमळाबाई आल्या आणि थबकल्या. "हे काय, नजीरभाई? तुमच्या पाटीत काळी केळी?"

"त्याला हात लावू नका, बाई," नजीर छाती काढून म्हणाला. "विकायची नाहीत ती. मालक खातात."

कमळाबाईंनी मालकाला शोधायला इकडेतिकडे पाहिलं. मालक जहिदाच्या मांडीवर झोपी गेले होते.