शिक्क्याचा डबा

सरपंच झाल्यावर मृणालीने सगळ्यात आधी स्वतःला शिस्त लावली. ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासाठी अंबाडी गावच्या बाजारातून पत्र्याचा डबा आणून देव्हाऱ्याखाली ठेवला. तरी मेला शिक्का जेव्हा बघावं तेव्हा गायब! आजही म्हातारी हौसाबाय दाखल्यासाठी ओटीवर ताटकळत बसली होती आणि डबा रिकामा. मृणाली कपाटं उपसत, गाद्या झटकत स्वतःच्याच वेंधळेपणावर चरफडत होती. इतक्यात नवरा केसरीनाथ नाक्यावरून आला. “साधा शिक्का सांभाळता येत न्हाय, गाव काय सांभाळशील?” म्हणत म्हातारीसमोर फिदीफिदी हसला. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशावर ओल्या शाईचा जांभळा गोल पसरत होता. मृणालीने खिशात हात घालून शिक्का काढला आणि दाखल्यावर दाणकन मारला. “दुसरा शर्ट दे,” तो डाग झाकत पुटपुटला. “थांबा,” सुईत दोरा ओवत ती म्हणाली, “आधी सगळ्या शर्टांचे खिसे शिवून टाकते.”